तीन सुती, सव्वीस आटे

जुन्या सायकलीचा हरवलेला बोल्ट शोधायला निघालेल्या माणसाला पहिली अडचण येते ती भाषेची. वस्तू हातात नसते, तिचे नाव ठाऊक नसते, आणि दुकानाच्या फळीपुढे उभे राहून ‘ते ब्रेकच्या दांडीला खाली असते ना, ते’ यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. दुकानदाराने माप विचारले तर अडचण दुणावते. मिलिमीटर सांगावे तर तो मान हलवतो, इंच सांगावा तर ‘सुतात बोला’ म्हणतो. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दोन सुती म्हणजे पाव इंच, तीन सुती म्हणजे ३/८, आणि ५/१६ हा इंग्रजी शाळेत मुलांना रडवणारा अपूर्णांक येथे ‘अडीच सुती’ या दोन शब्दांत निमूट उभा राहतो. देशात दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला. त्यानंतर शेर, मण, कोस ही मापे व्यवहारातून जाऊन म्हणींत राहायला गेली. सूत मात्र लोखंडबाजारात अजून नोकरीवर आहे.

सूत हा शब्द तिथे सुताराच्या दोरीबरोबर आला असावा असे आम्हांला वाटते. सूत्रधारापासून सुतार झाला हे भाषाशास्त्राच्या पहिल्या तासाला आम्हीच शिकवतो. परंतु बोल्टाच्या अंगावरील नागमोडी चराला इंग्रजीत जो शब्द आहे त्याचाही मूळ अर्थ सूत, धागा असाच आहे. मराठीने मात्र जाडी मोजायला सूत घेतले आणि चराला ‘आटा’ असा स्वतंत्र शब्द ठेवला. ‘आटे गेले’, ‘आटे पाडून घ्या’, ‘उलटा आटा आहे, डावीकडे फिरवा’ ही वाक्ये कारागिराच्या तोंडी ऐकली की पारिभाषिक शब्दांच्या समित्या आठवतात आणि थोडे ओशाळायला होते. आमच्या वर्गात ‘आटा’ म्हटल्यावर निम्म्या मुलांच्या डोळ्यांपुढे गव्हाचे पीठ येते. उरलेल्या निम्म्यांपैकी कोणाचे वडील गॅरेजात असतात, कोणाचे आजोबा विहिरीच्या इंजिनावर होते. मराठी शब्दसंपत्ती कोणाकडे किती आहे याचा अंदाज अशा वेळी परीक्षेच्या गुणांपेक्षा बरा येतो.

आम्ही या बाजारात शिरलो ते एका सायकलीमुळे. आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि एकाच घरात राहतो. आमच्यापैकी एकाचे वडील, अण्णा, सातारा जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिक्षक होते. १९६१ साली नोकरीला लागल्यावर त्यांनी निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांकडून त्यांची जुनी रॅले विकत घेतली. नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनलेली, काळी, उंच, दांडीच्या ब्रेकची. पायंडलच्या चक्रात कोरून काढलेली बगळ्याची तीन मुंडकी, हीच रॅलेची खूण. घर ते शाळा नऊ किलोमीटर. अण्णांनी ते अंतर तेहतीस वर्षे त्याच सायकलीवर कापले, आणि निवृत्तीनंतर ती वाड्याच्या पडवीत भिंतीला टेकवून ठेवली. २०१९ मध्ये अण्णा गेले. पुढे घराची वाटणी झाली तेव्हा भांडी, जमिनीचा तुकडा, पुस्तके यांवर बोलणे झाले. सायकलीचे नाव कोणी काढले नाही. टेम्पोत रिकामी जागा होती म्हणून ती आमच्याबरोबर आली, असेही म्हणता येईल.

घरी आणून धूळ पुसल्यावर तिचे खरे रूप दिसले. चौकट शाबूत होती, चिमटा सरळ होता. मागच्या मडगार्डावर नगरपालिकेचा सायकल-कराचा पत्र्याचा बिल्ला होता. मोठे असे काही गेलेले नव्हते. गेले होते ते सगळे लहान. पुढच्या ब्रेकच्या दांड्या जोडणारा एक बोल्ट नव्हता; त्याच्या जागी ताराचा वेढा होता. आसनाखालच्या बोल्टाचे आटे झिजून गुळगुळीत झाले होते. चेनकव्हरचे दोन स्क्रू, मडगार्डाच्या काडीचा एक नट, मागच्या हबच्या तेलाच्या भोकावरची पत्र्याची झाकणी, हे सारे कोठे पडले ते तेहतीस वर्षांच्या रस्त्यालाच ठाऊक. डाव्या पायंडलची कॉटर पिन वाकलेली होती, आणि तिच्याभोवती सायकलीच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून अण्णांनी तिचा खडखडाट बंद केलेला होता. त्या पट्टीवर त्यांच्या हातची गाठ होती. ती सोडवायला आम्हांला दोन दिवस धीर झाला नाही.

दांडीचे ब्रेक ज्यांनी वापरलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. मुठीखालची तरफ दाबली की एक दांडी वर ओढली जाते, तिला जोडलेली दुसरी दांडी ओढली जाते, आणि शेवटी नालेच्या आकाराची एक पट्टी दोन रबरी ठोकळे रिमच्या आतल्या कडेवर दाबते. हा सगळा हिशोब लहान बोल्टांच्या सांध्यांवर चालतो. त्यांतला एक निसटला तर सायकल थांबत नाही. ताराचा वेढा पडवीत उभ्या सायकलीला पुरतो. घाटाच्या उतारावर माणसाचे वजन घेऊन येणाऱ्या सायकलीला पुरत नाही. तेव्हा बोल्ट शोधणे हा आमच्या लेखी आठवणींचा छंद नव्हता. सायकल चालवायची की टेकवून ठेवायची, एवढा साधा प्रश्न त्या बोल्टावर अडकलेला होता.

साधा वाटणारा तो बोल्ट सहज का मिळत नाही, याचे उत्तर इंग्लंडच्या इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी प्रत्येक कारखाना आपापले आटे पाडी; एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसत नसे. जोसेफ व्हिटवर्थ या अभियंत्याने १८४१ मध्ये एकसारखे मान सुचवले: इतक्या जाडीला इंचात इतके आटे, आट्याचा कोन पंचावन्न अंश. त्याच्या मानाप्रमाणे दोन सुती बोल्टाला इंचात वीस आटे, अडीच सुतीला अठरा, तीन सुतीला सोळा. पुलांना, इंजिनांना हे छान होते. सायकल मात्र पातळ नळ्यांची आणि सतत हादरे खाणारी वस्तू. तिला बारीक आटा हवा, म्हणजे नटाच्या थोड्या जाडीतही पुष्कळ आटे पकड घेतात आणि हादऱ्याने तो लवकर सैल होत नाही. म्हणून तिकडच्या सायकल-अभियंत्यांच्या संस्थेने १९०२ मध्ये वेगळे मान ठरवले: कोन साठ अंश, आणि नेहमीच्या बहुतेक जाड्यांना एकच संख्या, इंचात सव्वीस आटे.

इथवर सगळे सुरळीत होते. रॅलेने पुढे आपली वेगळी चूल मांडली. पायंडलच्या आसाच्या वाट्या आणि हँडलखालच्या वाट्या यांना इतर इंग्रजी कारखाने चोवीस आटे ठेवीत, तिथेही रॅलेने सव्वीसच ठेवले. बाहेरून दोन्ही वाट्या सारख्याच दिसतात. फिरवू लागले की दोन वेढ्यांत अडतात. काही बोल्टांच्या डोक्यावर कारखान्याची अक्षरे कोरलेली. आपला ग्राहक आपल्याच दुकानात परत यावा ही त्यामागची वृत्ती असणार. शंभर वर्षांनी तो ग्राहक परत येतो तेव्हा दुकान राहिलेले नसते. रॅलेचे नॉटिंगहॅममधील उत्पादन २००२ मध्ये थांबले. तिच्या हबचे गिअर बनवणारी स्टर्मी-आर्चर ही शाखा त्याआधीच, २००० साली, बुडून तैवानच्या कंपनीकडे गेली.

आता हार्डवेअरच्या कोणत्याही दुकानात आठ मिलिमीटरचा बोल्ट मागितला तर जो मिळतो त्याच्या दोन आट्यांमधील अंतर सव्वा मिलिमीटर असते. अडीच सुती म्हणजे ७.९४ मिलिमीटर, जाडीत फरक जवळजवळ नाही. पण सव्वीस आटे म्हणजे दोन आट्यांमध्ये ०.९८ मिलिमीटर. हा नवा नट त्या जुन्या बोल्टावर पहिला वेढा खुशाल घेतो, दुसऱ्याला कुरकुरतो, आणि तिसऱ्याला जोर लावला तर जुने आटे कापून आपली वाट काढतो. घट्ट बसल्याचा भास होतो. प्रत्यक्षात धरायला काही उरलेले नसते. बोलीभाषेतला मजकूर प्रमाण भाषेत ‘सुधारून’ छापणाऱ्या मुद्रितशोधकाचे काम आम्ही पाहिलेले आहे. ते याहून फार वेगळे नसते.

मग हे बोल्ट शोधायचे कोठे? येथे आपल्या देशाचा एक विचित्र उपकार आहे. स्वातंत्र्यानंतर सायकलीची आयात आवळली गेली आणि कारखाने इकडेच निघाले. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये टी. आय. सायकल्स, जिथे हर्क्युलिस आणि पुढे फिलिप्स, बी. एस. ए. बनू लागल्या, बंगालात आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनिपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. या सर्वांनी इंग्रजी सायकलीचा साचा उचलला आणि तो दशकानुदशके बदलला नाही. पुढच्या चाकाला बत्तीस आरे आणि मागच्याला चाळीस ही इंग्रजी विभागणी आपल्या दूधवाल्याच्या सायकलीत टिकून राहिली. अठ्ठावीस दीडचा टायर टिकला. साडेनऊ मिलिमीटरची कॉटर पिन टिकली. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या रॅले दुरुस्त करणारे लोक टायरसाठी भारताकडे पाहतात ते यामुळे. आपण या काळ्या सायकलीला मागासलेपणाची खूण समजत होतो त्या काळात ती मुकाट्याने एक पाठ जपून ठेवत होती. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला. तो दिवस जागतिक सायकल दिनाचा होता. वाचकाने याला कथाकाराची क्लृप्ती समजू नये, तारीख खरी आहे.

म्हणून पुष्कळसे सामान इथल्या बाजारात मिळते, फक्त ते जुळते का हे पाहण्याची नजर हवी. पुण्यात रविवार पेठेतील बोहरी आळी, आणि रविवार-बुधवारी भरणारा जुना बाजार, मुंबईत नागदेवी. आम्ही काही महिने सुट्टीचे दिवस या ठिकाणी घालवले. जुन्या बाजारात ताडपत्रीवर लोखंडाचा ढीग असतो आणि विक्रेत्याला त्यातल्या वस्तूची किंमत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत दिसते. तिथे उत्सुकता झाकण्याची कला यावी लागते. वाङ्मयाच्या अध्यापनात तिची सवय होत नाही. नागदेवीत माल भरपूर, पण तिथे एक नट मागणाऱ्याकडे कोणी मान वर करून पाहत नाही. शेवटी आमचे काम झाले ते पेठेतल्या एका लहान दुकानात. मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांना सगळे चाचा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. ते आमच्यापैकी एकाला ‘सर’ आणि दुसरीला ‘मॅडम’ म्हणत, आणि प्रश्न नेहमी मॅडमना विचारत, कारण नमुने त्यांच्या पिशवीत असत.

चाचांकडून आम्ही जे शिकलो ते कोणत्याही पुस्तकात आम्हांला मिळाले नव्हते. नमुना आणल्याशिवाय बोल्ट मागायचा नाही. माप सांगू नये, दाखवावे. दोन बोल्टांचे आटे जुळतात का हे पाहायला ते दोन्ही बोल्ट एकमेकांना आडवे टेकवत आणि उजेडाकडे धरत. आटे एकमेकांत बसले आणि मधून उजेड आला नाही तर जोडी जमली. कोठे चीर दिसली तर माल परत खणात. आटे मोजायचे तर पट्टी लावून अर्ध्या इंचात तेरा भरतात का ते पाहायचे. फणीसारखे एक मोजायचे साधनही त्यांच्याकडे होते, पण ते शिकाऊ लोकांसाठी, असे त्यांचे मत. छर्रे बदलायचे तर एका वाटीतले सगळे बदलायचे, जुन्यात नवे मिसळायचे नाहीत. मागच्या हबला दोन सुतीचे नऊ-नऊ, पुढच्याला दीड सुतीचे दहा-दहा. नवे छर्रे अंशमात्र मोठे असतात आणि मग सगळा भार त्यांच्यावरच येतो. महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकांची आम्हांला आठवण झाली, पण ती चाचांना समजावून सांगणे अवघड होते.

कॉटर पिनचा धडा त्यांनी वेगळा दिला. ही पिन पायंडलच्या दांडीतून आरपार जाते आणि तिची एक बाजू उतरती घासलेली असते. ती उतरती बाजू आसावरच्या सपाट खाचेवर दाबून बसते. नट आवळून पिन ओढून घ्यायची अशी बहुतेकांची समजूत. नटाचे ते काम नव्हे. दांडीखाली भक्कम आधार देऊन पिन हातोड्याने ठोकून बसवायची, मग नट फक्त राखणीला लावायचा. थोडे अंतर चालवल्यावर पुन्हा एकदा ठोकून पाहायची. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही पायंडल एका रेषेत येत नाहीत. घासलेली बाजू खाचेला पूर्ण टेकत नसेल तर कानस चालवायची, पण ‘सांभाळून, मॅडम, घासलेले परत येत नाही.’ मेकॅनिक ज्याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात त्या कामाचे मूळ इंग्रजी नाव वेगळे आहे हे आम्ही त्यांना एकदा सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले, ‘तेल तर घालतातच ना?’ लोकव्युत्पत्तीवरचे आमचे पुढच्या वर्षीचे व्याख्यान या प्रश्नाने सुरू झाले.

ब्रेकचा बोल्ट मात्र चाचांकडेही नव्हता. येथे आमच्या दोघांत मतभेद झाला, आणि तो बरेच दिवस चालला. एका मताप्रमाणे लेथवर नवा बोल्ट करून घ्यावा, जाडी, लांबी, सव्वीस आटे सगळे मापात, आणि सायकल रस्त्यावर आणावी. दुसऱ्या मताप्रमाणे रॅलेचा मूळ बोल्ट कोठेतरी आहेच, तो मिळेपर्यंत थांबावे. त्याच सुमारास जुन्या सायकलींच्या एका हौशी संग्राहकाने चांगली किंमत देऊ केली होती. त्याची अट एकच: एकही भाग ‘नवा’ नको. नसलेला चालेल, बदललेला चालणार नाही. ही अट ऐकून थांबण्याच्या मताला बळ यायला हवे होते. झाले उलटे. जी सायकल तेहतीस वर्षे बदललेल्या भागांवरच चालत राहिली, तिचे टायर किती झाले, चेन किती झाल्या, ब्रेकचे रबर किती उगाळले गेले याचा हिशोब नाही, तिला एका बोल्टासाठी कायम उभे करायचे, हे आम्हां दोघांनाही पटेना.

पाठचिकित्सेच्या तासाला आम्ही दोन उदाहरणे देतो. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि पुढच्यांनी त्यात स्वतःची भर घालू नये असे बजावले. दुसरे उदाहरण भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ मध्ये सुरू झालेले ते काम १९६६ मध्ये पुरे झाले. त्या आवृत्तीत ज्या शब्दाविषयी संपादकांची खात्री नाही त्या शब्दाखाली नागमोडी रेघ असते. संपादक जागा रिकामी ठेवत नाहीत, कारण श्लोक म्हणता आला पाहिजे. आणि आपण निवडलेला शब्द निर्विवाद आहे असा आवही आणत नाहीत. रेघ म्हणते: हा पाठ तूर्त येथे काम करतो आहे, पण त्याच्यावर लक्ष ठेवा.

आमचा मतभेद त्या रेघेने मिटवला. बोल्ट लेथवर करून घेतला. कारागिराला आम्ही सांगितले की डोके जुन्यासारखे करू नका, साधे ठेवा, आणि पॉलिशही तेवढी नको. त्याला ते विचित्र वाटले. लोक जुन्यासारखे करून मागतात, हे जोडपे वेगळे दिसावे असे म्हणते. बोल्टाच्या डोक्यावर एक रेघ मारून घेतली. नागमोडी जमली नाही, सरळ आली. साध्या मऊ सळईचा नको, मजबूत पोलादाचा हवा, एवढा मात्र आग्रह धरला, कारण तिथे भार यायचा होता. संग्राहकाला नम्र नकार कळवला. आता ती सायकल आठवड्यातून तीन दिवस महाविद्यालयात जाते, आणि उताराला पुढचा ब्रेक आवळला की आमच्यापैकी जो कोणी तिच्यावर असतो त्याचे लक्ष क्षणभर त्या बोल्टाकडे जाते. जायलाच हवे.

अण्णांच्या गाठीची ट्यूबची पट्टी आम्ही ठेवली आहे. पिन नवी बसल्यावर तिचे काही काम उरले नव्हते. तरी ती पट्टी ही दुरुस्तीच होती. ज्या गावात कॉटर पिन मिळायला बाजाराच्या दिवसाची वाट पाहावी लागे, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या घंटेला वर्गात उभे राहण्यासाठी केलेली. अण्णांच्या मूळ भाग सांभाळण्याच्या कल्पना काय होत्या हे त्यांना कोणी विचारले नाही. मुले वर्गात वाट पाहत आहेत, एवढीच त्यांची कल्पना असावी.

गेल्या दिवाळीनंतर चाचांनी दुकान बंद केले. मुलगा परगावी नोकरी करतो, जागेला चांगले भाडे येणार होते, आणि गुडघे जिना चढू देत नव्हते. सगळी कारणे वाजवी होती. भिंतभर खणांतला माल ते भंगाराला वजनावर घालणार होते. त्याआधी त्यांनी आम्हांला बोलावणे पाठवले: ‘सर-मॅडमना पाहिजे ते घेऊन जा म्हणावे.’ आम्ही गेलो. शंभराहून जास्त खण, प्रत्येकाच्या दर्शनी भागावर तारेने बांधलेला एक नमुना. चिठ्ठी एकाही खणावर नव्हती. काय कशाचे आहे हे एकाच माणसाला माहीत, आणि तो खुर्चीवर बसून चहा मागवत होता.

तेथे निवड करणे अवघड गेले. आपल्या सायकलीला लागेल तेवढे घ्यावे तर मूठभर झाले असते. सगळे घ्यावे तर घरात जागा नाही, आणि लोखंड वाहून नेण्याचे वयही राहिलेले नाही. आमच्या विभागात एकेकाळी चौघे जण होते. जागा रिक्त होत गेल्या, भरल्या गेल्या नाहीत; आता आम्ही दोघेच आहोत, आणि आमच्यानंतर त्या खणांवर नमुना कोणाचा बांधायचा हे ठरलेले नाही. त्या दुपारी हा विचार मनात आला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पण त्याने कामाला गती आली हेही खरे. आम्ही एक नियम केला: जे आज कोठेही सहज मिळते ते सोडायचे, जे इतरत्र चुकीचे म्हणून परत केले जाईल ते घ्यायचे. सव्वीस आट्यांचे ते सगळे घेतले. उलट्या आट्याचे घेतले. साडेनऊच्या कॉटर पिना, तेलाच्या भोकाच्या झाकण्या, ब्रेकच्या दांडीचे लहान नट. चाचा एकेक खण पाहून नाव सांगत होते, आमच्यापैकी एकाने वही धरली होती. नावे त्यांनी सांगितली तशीच लिहिली, ‘वायसर’ला वॉशर केले नाही. संध्याकाळपर्यंत वहीची अकरा पाने भरली आणि पिशव्यांचे वजन सात किलो झाले. चाचांनी भंगाराचाच भाव लावला. जास्त द्यायला गेलो तर म्हणाले, ‘हिशोब बिघडवू नका.’

ते सामान आता आमच्या घरी औषधांच्या आणि लोणच्याच्या बाटल्यांत आहे. बाटल्यांवर चिठ्ठ्या आहेत: जाडी सुतात, आटे इंचात, आणि त्याखाली तो तुकडा सायकलीत कोठे बसतो ते एका वाक्यात. प्रत्येक बोल्टावर त्याचा नट फिरवून ठेवला आहे, म्हणजे जोडी मोडत नाही आणि आटे आपटून दुखावत नाहीत. वर तेलाचा हात. विद्यार्थ्यांना याची कुणकुण लागली आहे. मागच्या महिन्यात द्वितीय वर्षाचा एक मुलगा वर्ग सुटल्यावर थांबला. आजोबांची फिलिप्स आहे, पायंडल मारताना प्रत्येक फेरीला ‘टक’ वाजते, मेकॅनिक म्हणतो हा सामान आता येत नाही. ‘आवाज कोणत्या बाजूला?’ असे आम्ही विचारले. दुसऱ्या दिवशी तो जुनी पिन कागदात गुंडाळून घेऊन आला. दोन्ही पिना शेजारी धरून जाडी आणि उतार पाहिला. पिन जुळत होती. नट आवळून ओढायची नाही, ठोकून बसवायची, हे त्याला दोनदा सांगितले आणि त्याच्याकडून एकदा वदवून घेतले. बाटलीत चौदा होत्या. आता तेरा आहेत, आणि वहीत त्या नोंदीपुढे तारीख घातली आहे.